पाचट गेलंय, पेरं शाबूत आहेत

१२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, सूनबाईंचं रोज लिहून ठेवा. काय हललं, काय नाही हललं, आणि एका दमात किती आकडे म्हणून झाले. म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत संपली. तर म्हणाल्या, आकडे शंभरापर्यंत येतात ना, मग झालं.

म्हणून ही वही. नीरजाच्या पिशवीत सापडली. पुढून तिने शाळेचं काहीबाही लिहिलंय, मी मागून सुरू केलं. तिची वही आहे म्हणून 'हाय' न लिहिता 'आहे' लिहिते. एकवीस वर्षं ती माझं हाय दुरुस्त करत आली. आता ती आडवी पडलीय तर तिच्या मनासारखं होऊ दे.

नीरजा म्हणजे माझी सून. बजरंगची बायको. पेठेतली, भाजीत गूळ घालणारी. हडपसरजवळ मांजरीत राहायचं आणि शिकवायला जायचं कर्वेनगरला, रोज स्कूटरवरून. जवळची शाळा बघ म्हटलं तर म्हणते, अहो आई, पोरं माझी तिकडे आहेत. स्वतःची पोरगी केतकी नागपूरला होस्टेलात, आणि हिची पोरं म्हणे कर्वेनगरला.

शनिवारी म्हणाली, पायाला मुंग्या येतायत. मी म्हटलं, दिवसभर उभी राहून बडबडतेस, मुंग्या नाहीतर काय मोर येतील? रविवारी जिना चढताना कठडा धरला. सोमवारी मोरीत बसली ती उठेना. मी आणि बजरंगने दोन बाजूंनी धरून बाहेर काढली, तशीच दवाखान्यात आणली. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आज: पाय उचलत नाही. हात खांद्यापर्यंत जातो. एका दमात चोवीस.

१३ फेब्रुवारी

एका दमात एकोणीस. मूठ वळत नाही. हात छातीच्या वर जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी हातापायाला बारीक बारीक विजेचे झटके देऊन बघितले. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. या बाई मोकाशी, वयाने केतकीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. केस कापलेले. पण हात हलका आहे.

नीरजा म्हणते, अहो आई, तुम्ही पायाला हात लावलात की कळतं मला, फक्त हलवता येत नाही. मी खात्री करायला चिमटा काढला.

"आई गं! कशाला?"

"कळतंय म्हणालीस ना."

"विश्वास नाही ठेवायचा का?"

म्हटलं, डॉक्टरांनी झटके दिले तेव्हा तू गप्प, आणि मी चिमटा काढला तर विश्वास.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब? बजरंग म्हणाला, हो, जानेवारीच्या शेवटी जुलाब झाले होते, तीन दिवस. काही बाहेरचं खाल्लं-प्यायलं होतं? बजरंगने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

रस मी आणला होता. रस्त्यावरच्या गुऱ्हाळाचा, बर्फ घालून. ती नको म्हणत होती, बर्फाचं पाणी कुठलं असतं कोण जाणे म्हणाली. मी म्हटलं, उसाच्या घरात येऊन रसाला नाक मुरडतेस. प्यायली बिचारी, मान राखायला. मीही प्यायले. मला ढेकरसुद्धा आला नाही.

हे हललं-नाही-हललंमध्ये येत नाही. तरी लिहिलं. कुणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

सकाळी बारा. दुपारी नऊ. नऊ म्हणताना डोळे मोठे झाले.

आयसीयूत नेलं.

१५ फेब्रुवारी

श्वासाला मशीन लावलंय. घशात नळी, बोलणं बंद. चेहराही हलत नाही, नुसते डोळे आणि पापण्या हलतात. वर बघितलं तर हो, मिटले तर नाही, असं ठरवलंय. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास आत सोडतात.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आणि बजरंगला समजावलं. बजरंग ऐकत नव्हता, मान हलवत होता. मी नीट ऐकलं. म्हणाल्या, ताईंच्या मज्जातंतूंना धक्का बसलाय, मज्जेचं आवरण जातंय. औषधाच्या बाटल्या सुरू केल्यात, पाच दिवस चालतील. आणि तोंडाने खाता येणार नाही, तर उद्यापासून नळीचं सुरू करू.

मज्जा म्हणजे हाडाच्या पोटातला गर, एवढं मलाही कळतं. मज्जा गेली म्हणून नळी. इंग्रजी शिकून बाई शहाणी राहिली आहे.

१६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायला हवं, लाज वाटली तरी.

सकाळी हडपसरच्या खाटकाकडून आठ नळ्या आणल्या, बोकडाच्या, बघून घेतल्या, भरलेल्या. तिखट नाही, कांदा नाही. नुसती हळद, मीठ, मिरी. दोन तास उकळल्या, वाटीवर आपटून गर काढला, रस्सा गाळला, थर्मासात भरला. घरात मटण शिजलं की नीरजा वह्या घेऊन गच्चीवर जाते, हे मला माहीत आहे. पण औषधाला काय सोवळं?

दवाखान्यात आमचे व्याही आधीच बसलेले. दीनानाथराव. नीरजाचे वडील. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, अजून शर्टाच्या खिशाला पेन आहे.

"काय आणलंत?"

"नळीचं."

"कसलं?"

"नळीचं सूप. डॉक्टरांनी सांगितलंय आजपासून."

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि थर्मास हातभर लांब धरला. "मथुराबाई, आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी याला शिवलेलं नाही."

"सात पिढ्यांत कुणाची मज्जा गेली होती का?"

"हा विषय पिढ्यांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्व मशीनवर झोपलेलं नाही, तुमची पोरगी झोपलीय. व्हा बाजूला."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. थर्मासात बघितलं. दीनानाथरावांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आजी, हे काय?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, मज्जा गेली, नळीचं सुरू करू.

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. दाराशी झाडणारी सरुबाई आया मात्र मोकळी हसली. "आवं आज्जी, नळी म्हंजी नाकातली! रबराची हाय ती!"

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं, पण दीनानाथराव तिथेच होते म्हणून ताठ उभी राहिले. म्हटलं, मग रबराची म्हणावं की.

बाई हसल्या नाहीत, एवढं खरं. मला खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि कागद काढला. "आजी, चूक माझी. नीट सांगते. हाडातली मज्जा वेगळी. हे मज्जातंतू, म्हणजे चेतापेशी. डोक्यापासून बोटापर्यंत निरोप नेणाऱ्या." आणि चित्र काढलं.

बघितलं आणि म्हटलं, "हा तर ऊस आहे."

"कसा?"

"हा काय मुळ्यांचा झुपका. हा बुडखा. मग लांब कांडं. पेरापेराला सुक्या पानांचं पाचट गुंडाळलेलं, मध्ये मध्ये गाठ उघडी. आणि शेंड्याला हे हिरव्या पानांचं वाढं."

बाई चित्राकडे बघत राहिल्या. मग पेनाने दाखवत गेल्या. मुळ्या म्हणजे वृक्षिका, तिथून निरोप आत येतो. बुडखा म्हणजे पेशीचं अंग, तिचा जीव तिथे. लांब कांडं तो अक्षतंतू. निरोप या गाठीवरून त्या गाठीवर उड्या मारत जातो म्हणून इतका झपाट्याने पोचतो. पेरांवरचं पाचट गेलं की उडी चुकते, निरोप वाटेतच जिरतो. पायाने ऐकायचं म्हटलं तरी त्याला हाकच पोचत नाही.

"पाचट खाल्लं कुणी?"

"तिच्याच शरीरातल्या शिपायांनी. जंतूंना मारायला निघाले होते. हे आवरण त्यांना जंतूंसारखंच दिसलं."

"म्हणजे चोर पळाला आणि घरमालकाला झोडपलं."

"अगदी."

मग मी खरं ते विचारलं. उसाला एक रोग येतो. वरून हिरवागार दिसतो, उभा चिरला तर पेर आतून लाल. तो ऊस गेला. नुसतं पाचट ओरबाडलं असेल तर ऊस उभा राहतो. "तर बाई, एवढंच सांगा. नुसतं पाचट गेलंय का आतलं पेर लाल पडलंय?"

"तोच प्रश्न आहे आजी. आज सांगता येत नाही. पहिल्या झटक्यांत स्पष्ट दिसलं नाही. पाच मार्चला पुन्हा तपासू, तेव्हा कळेल."

थर्मास सरुबाईने नेला. म्हणाली, ब्येस झालंय.

२२ फेब्रुवारी

बाटल्या संपल्या. काही हललं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, खाली घसरायचं थांबलंय, हेच मोठं.

आज नीरजाचे डोळे अस्वस्थ होते. मी एक एक विचारत गेले. दुखतंय? मिटले. केतकीची काळजी? मिटले. बजरंगची? मिटले. बरोबर आहे. शाळेची? वर.

"नववीचं काही राहिलंय?"

वर, वर, वर.

मग ही वही पुढून उघडली. तिचं पाठाचं टाचण आहे. मुलांना काय सांगायचं, फळ्यावर काय काढायचं, कुठे थांबायचं, सगळं सुबक अक्षरात. उघडलं तर काय, चेतापेशी! तोच माझा ऊस, हिने आधीच काढून ठेवलेला. शिकवायच्या आधीच हिला झाला.

वाचून दाखवलं. 'अक्षतंतू'ला मी अक्षता-तंतू म्हटलं तर डोळे मिटले. परत म्हणायला लावलं. तीनदा. श्वास मशीनचा, पण मास्तरकी स्वतःची.

तीन जातीच्या असतात म्हणे चेतापेशी. संवेदी, त्या बाहेरची खबर आत आणतात. प्रेरक, त्या आतला हुकूम बाहेर स्नायूंना नेतात. आणि दोघींच्या मध्ये बसणाऱ्या सहयोगी. मी म्हटलं, म्हणजे तुझी खबर पोचते, हुकूम अडलाय. डोळे वर. म्हणून चिमटा कळला. डोळे वर.

आणि मग मी खालची ओळ वाचली. आधी बघून घ्यायला हवी होती. तांबड्या शाईत, खाली रेघ मारलेली. 'चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी होत नाही. मुलांच्या मनावर ठसवणे.'

वाचून झाल्यावर कळलं मी काय वाचलं. तिचे डोळे ना वर गेले ना मिटले. कडेने पाणी आलं. तिला पुसता येत नाही. मी पदराने पुसलं आणि म्हटलं, मशीनचा वारा डोळ्यात जातोय तुझ्या.

२३ फेब्रुवारी

सकाळी साडेसातपासून डॉक्टरीणबाईंच्या दाराशी बसले. आल्या तशी वही पुढे केली, तांबडी ओळ दाखवली. "हे खरं का?"

"खरं आहे."

"मग माझ्याशी गोड बोलत होतात?"

"नाही आजी, बसा. पेशी मेली तर नवी होत नाही. पण पेशीचा जीव कुठे असतो सांगितलं मी?"

"बुडख्यात."

"तो बुडखा मणक्यात आहे. तिथे बहुतेक धक्का नाही. नुसतं पाचट गेलं असेल तर पुन्हा चढतं, आठवडे-महिने लागतात. समजा कांडंही तुटलं. बुडखा जिवंत असेल तर..."

"खोडवा येतो." मी म्हटलं. ऊस तोडला तरी जमिनीतल्या बुडख्याला फुटवे येतात, दुसरं पीक उभं राहतं, हे मला कुणी शिकवायला नको.

"खोडवा! हो. पण फार हळू. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. आणि पायाच्या बोटापर्यंत जाणारं कांडं कमरेतून निघतं, अडीच-तीन फूट. एकच पेशी, एवढी लांब. म्हणजे दोन-अडीच वर्षं. आणि दरवेळी पुरता येईलच असं नाही."

एक पेशी तीन फूट! मला वाटायचं पेशी म्हणजे डोळ्याला न दिसणारी. असो. संध्याकाळी नीरजाला सगळं सांगितलं. म्हटलं, तू पोरांना अर्धंच ठसवत होतीस. खोडव्याचं लिहिलंच नाहीस. तिने कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग डोळे वर केले.

२८ फेब्रुवारी

काही हललं नाही. चार दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नाही. तोंडातली नळी काढून गळ्याला बारीक भोक पाडून तिथे बसवली. तोंड मोकळं झालं तर तोंडाचा कोपरा लोंबतोय असं दिसलं. आधी नळीमुळे दिसत नव्हतं.

बजरंग मार्केट यार्डात जात नाही. आडतीचा गाळा मुनीम बघतो. हा घरी ओट्यावर बसून राहतो. मी बोलले, तू बसल्याने तिचं बोट हलणार आहे का? तर म्हणाला, आई, तुला काही वाटत नाही का गं?

मी भाकऱ्या थापायला उठले.

खरं लिहायचं तर परवा मनात आलं, हिचं असंच राहायचं असेल तर सुटलेली बरी. कुणासाठी बरी ते नीट कळलं नाही. मग दिवसभर तिच्या डोळ्यांकडे बघता आलं नाही. म्हणून तळपाय चोळत बसले. तिला कळतं ना चोळलेलं.

रसाचं अजून तिच्यापाशी कबूल केलं नाही. ती बोलू शकत नाही, मला शिव्या देऊ शकत नाही, तेव्हा सांगणं म्हणजे चोरी.

५ मार्च

सकाळी दहाला झटक्यांची तपासणी. आम्ही तिघं बाहेर बाकावर. बजरंग, मी, दीनानाथराव. दीनानाथरावांनी पेपर उलटा धरला होता, मी सांगितलं नाही.

पाऊण तास झाला. दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, थेट माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या,

"पाचट!"

मी उठले ते परत बसले.

दीनानाथराव ताडकन उभे. "काय म्हणालात? पाचट? कोण पाचट? आम्ही इथे कसल्या परिस्थितीत बसलोय आणि तुम्ही..."

"अहो काका, तसलं पाचट नाही..."

"मी आयुष्यात कधी पाचट बोललो नाही!"

"उसाचं हो, उसाचं पाचट!" मी म्हटलं. "व्याहीबुवा, खाली बसा. पेरं शाबूत आहेत. पोरगी उठणार तुमची."

त्यांना काही कळलं नाही पण ते बसले. मग पेन काढून रुमालाने पुसत राहिले. बजरंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी रीतसर सांगितलं, कांड्यातून निरोप जातोय, मंद, अडखळत, पण जातोय. आतली तार तुटलेली नाही. आवरण पुन्हा चढायला सुरुवात झाली असावी. वेळ लागेल. पण वर्षं नाहीत, महिने.

आत गेले. नीरजा वाट बघत होती. मी फक्त म्हटलं, खोडव्याची गरज नाही.

घरी जाऊन भाकरी खाल्ली. दोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चव कळली.

११ मार्च

डाव्या हाताचा अंगठा. आत वळला, बाहेर आला. मी तीनदा करायला लावलं, चौथ्यांदा डोळे मिटले म्हणून सोडलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, मशीन दिवसातून दोन तास बंद ठेवून बघतोय. दमते, पण घेते श्वास.

२४ मार्च

गळ्यातली नळी निघाली. भोकावर पट्टी.

आवाज फुटका, नाकातून. पहिलं काय बोलली? "अहो आई, अक्षतंतू म्हणा."

म्हटलं, अक्षतंतू. झालं समाधान?

दुपारी बजरंग औषधं आणायला गेला तेव्हा दार लोटलं आणि सांगून टाकलं. रस, बर्फ, मी केलेली जबरदस्ती, त्यानेच हे सगळं झालं असणार. "मला विचारलं होतं डॉक्टरांनी, मी भिंतीकडे बघितलं. आता बोलता येतंय तुला, बोल काय बोलायचंय ते."

तिने पट्टीवर बोट धरलं, तसं केलं की आवाज नीट येतो. "अहो आई... त्याच दिवशी मी... शाळेबाहेर पाणीपुरी खाल्ली होती."

"काय?"

"दोन प्लेट. तुम्हाला सांगितलं असतं तर... तुम्ही आठवडाभर बोलला असता."

"महिनाभर बोलले असते! पोरांसमोर, मास्तरीण असून! पाणी कसलं ते, कुठलं..."

"बर्फासारखंच," ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, पोट हजार लोकांचं बिघडतं, हे एखाद्यालाच होतं. रस होता की पाणीपुरी की आणखी काही, ते आता देवही सांगणार नाही. सोडून द्या.

दीड महिना बसलेला दगड उठला. ती चोरून पाणीपुरी खाते हे मात्र सोडणार नाही.

१४ एप्रिल

घरी आणली. खाली हॉलमध्ये खाट लावली. वॉकर धरून चार पावलं. व्यायाम शिकवणारी बाई एक दिवसाआड येते. नीरजा तिच्या देखत रडत नाही, ती गेल्यावर रडते. मी बघत नाही.

बजरंग परत यार्डात जायला लागला. आज दुपारी जेवायला आला तेव्हा मी नीरजाला म्हटलं, तुझ्या त्या तीन जाती मला कळल्या. शेतकरी माल घेऊन आत येतो, तो संवेदी. हमाल पोतं उचलून बाहेर नेतो, तो प्रेरक. आणि मध्ये बसून दोघांचं बोलणं करून देणारा सहयोगी, तो आमचा आडत्या.

नीरजा म्हणाली, "आणि मेंदूत सगळ्यात जास्त भरणा मधल्यांचाच असतो."

"म्हणजे डोक्यात सगळे आडतेच बसलेत?"

बजरंग ताटातून वर बघून म्हणाला, "चालतंय ना पण डोकं?"

नीरजा हसली. तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. घास तसाच हातात धरून तो बघत राहिला, डाळ ताटात ठिबकली तरी.

२ मे

काठी. मोरीपर्यंत एकटी. दाराबाहेर उभी राहून मी आकडे मोजत होते, किती वेळ लागतो ते. आतून म्हणाली, "अहो आई, मनात मोजा, इथे ऐकू येतं."

१९ जून, बुधवार

शाळा सुरू झाली. तिला अजून रजा आहे, तरी मुख्याध्यापिकेशी फोनवर भांडते. ऑगस्टपासून अर्धा वेळ जाणार म्हणते. स्कूटर नाही, बजरंग सोडेल.

आज तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलाच्या कडेला बसवलं, पाय खाली लोंबकळत. चप्पल काढायला मी पुढ्यात वाकले. तिचा पाय धरायला मला हल्ली लाज वाटत नाही, तिला वाटते.

"आजी, जरा बाजूला व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातात रबरी डोक्याची हातोडी. "गुडघ्याखाली हलकेच मारणार आहे. पाय आपोआप उडायला पाहिजे. हा निरोप डोक्यापर्यंत जात नाही, मणक्यातूनच परत फिरतो. पाचट विरळ असेल तर निरोप वाटेत विखुरतो, पाय उडत नाही. हे सगळ्यात शेवटी परत येतं. दर वेळी बघते, अजून आलेलं नाही. कधी कधी येतही नाही, त्याने चालायला काही अडत नाही."

मी एका चपलेचा पट्टा सोडवत होते. म्हटलं, मारा तुम्ही, मी झाले बाजूला. झाले नव्हते.

टक्.

पाय उडाला तो थेट माझ्या तोंडावर. चष्मा टेबलाखाली. नाकाला झिणझिण्या.

मग नीरजा किंचाळली, "अगं बाई! अहो आई, मी नाही मारली! शपथ! मी काही केलं नाही, डोक्याला विचारलंच नाही पायाने!"

डॉक्टरीणबाई हातोडी छातीशी धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी चष्मा शोधला, पुसला, लावला. काच शाबूत.

"डोक्याला विचारलं असतं," मी म्हटलं, "तर याहून जोरात बसली असती. बाई, मारा अजून एकदा. या वेळी मी नीट बघते."

बाईंनी पुन्हा मारलं. पुन्हा उडाला. दुसराही उडाला, थोडा कमी. नीरजा हसत होती की रडत होती सांगता येत नाही, दोन्ही कामं एकाच तोंडाने चालली होती.

नाकावर आता वांगं उगवलंय, उद्या काळंनिळं होईल. शेजारणी विचारतील. सांगेन, सुनेने लाथ मारली.

काय हललं: दोन्ही गुडघे.